उसातली बायोलॉजी

आमच्या पिंपरी पेंढारच्या बिबट्यांना माणसाच्या पाठीत किती मणके असतात हे ठाऊक आहे. हृदयाला किती कप्पे, अशुद्ध रक्त कुठून येतं आणि शुद्ध होऊन कुठे जातं, हेही त्यांच्या कानांवरून कैक वेळा गेलेलं आहे, आणि तेही इंग्रजीतून. इतर गावांच्या बिबट्यांचं मला सांगता येणार नाही. आमच्यांना शिकवायला सुरेखावहिनी होत्या.

मी गावची दूध डेअरी चालवतो. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन माझ्या दारात येतं, त्यामुळे कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसली, हे मला विचारायला जावं लागत नाही. सुरेखावहिनी म्हणजे माझा शाळासोबती बाळू, त्याची बायको. त्यांचं घर मळ्यात. घर आणि डेअरी यांच्यामध्ये नुसता ऊस आणि उसातून एक पायवाट. आमच्याकडे अशा वाटेने गप्प राहून जायचं नसतं. माणूस येतोय हे आधी कळलं तर बिबट्या बाजूला होतो, असं वनखात्याची माणसं सांगतात आणि आम्ही ते मानतो. भीती खरी आहे. शेळ्या-कुत्री तर नेहमीचीच, माणसंही गेली आहेत. म्हणून कोणी मोबाइलवर गाणी लावतो, कोणी काठीला घुंगरू बांधतो, कोणी उगाचच खोकत जातो. वहिनी बोलत यायच्या.

परीक्षेचं खूळ डोक्यात शिरायच्या आधी त्या बिबट्याशी घरगुती बोलायच्या. त्याला त्या भाऊ म्हणत. भाऊ, मी बाळूची बायको, दूध घालाया चाललेय, तू तुझं बघ, मी माझं बघते, अशी सुरुवात व्हायची. मग आज कांद्याला काय बाजार मिळाला, लेकीनं, ईश्वरीनं, शाळेत कोणाला चापट मारली, सासूबाई कशावरून फुगल्या, हे सगळं त्याला सविस्तर सांगितलं जायचं. आवाज खणखणीत, त्यामुळे भाऊच्या आधी आम्हाला डेअरीवर सगळं कळायचं. यमुनाकाकूंना, म्हणजे त्यांच्या सासूबाईंना, घरातली बातमी बाहेर जाते कशी याचा बरेच दिवस पत्ता लागला नाही.

वहिनी बुटक्या, अंगाने भरलेल्या. साडीवर बाळूचा जुना फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोक्याला टॉवेल. शेतात काम करणाऱ्या बायकांचा हाच पोशाख, पण वहिनींच्या अंगावर तो साहेबांच्या कोटासारखा दिसायचा. कॅन खाली ठेवला की समोर जो कोणी असेल त्याचं मनगट पकडायचं आणि डेअरीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायची, ही त्यांची सवय. "लई पळतंय तुमचं," असं सांगून त्या माणसाला बाकावर बसवून ठेवायच्या. एकदा माझ्या लक्षात आलं की घड्याळ कित्येक दिवसांपासून बंदच आहे. तसं म्हटल्यावर त्या माझ्यावरच रागावल्या. गावाच्या तब्येतीशी खेळता का भाऊजी, असं सगळ्यांसमोर सुनावलं आणि मला सेल आणायला पिटाळलं.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "घाबरायचं काम न्हाई." हे वाक्य ऐकलं की गावातलं कोणीही घाबरायचं. कारण त्याच्या मागोमाग काटा काढायची सुई, जखमेवर डेटॉल किंवा तोंडात कडू काढा यांपैकी काहीतरी येणार हे ठरलेलं. मला एकदा पायात तारेचा तुकडा घुसला होता, तेव्हा हे वाक्य ऐकून मी तसाच लंगडत पळालो होतो. वहिनींनी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत पाठलाग करून मला पकडलं.

आता हे नर्सिंगच्या परीक्षेचं खूळ कसं शिरलं ते सांगतो. यमुनाकाकू गोठ्यात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नारायणगावच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि वहिनी सोबत राहिल्या. पहिल्या दिवशी त्या सासूपाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजीची वेणी घातली. त्यानंतर कोणाचं सलाईन संपत आलंय, कोणी गोळी जिभेखाली लपवलीय, कोणाचा मुलगा सकाळपासून फिरकला नाही, हे सगळं वॉर्डभर त्याच बघू लागल्या. पेशंटही सिस्टरला सोडून त्यांनाच हाक मारायला लागले. शेवटी तिथल्या मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक तर कोर्स करा, नाहीतर भेटायच्या वेळेत येत जा."

सिस्टर वैतागून बोलल्या होत्या. वहिनींनी ते मनावर घेतलं. त्या बारावी सायन्स होत्या हे आम्हाला तेव्हा कळलं. ओतूरला कॉलेजला जायच्या, निकाल लागला आणि त्याच महिन्यात लग्नाचा बार उडाला. मार्कलिस्ट लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी गेली ती गेलीच. आता चौकशी केली तर प्रवेशाला वयाची अट निघाली, पस्तीस. वहिनी त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. यंदाची परीक्षा द्यायची आणि यंदाच नंबर लागायचा, नाहीतर दार कायमचं बंद. डेअरीवर ही गोष्ट सांगताना त्यांनी पहिल्यांदाच कोणाचं मनगट धरलं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

घरात विरोध होईल अशी आमची खात्री होती, आणि डेअरीवर त्यावर चर्चाही झडली. पण यमुनाकाकूंनी सगळ्यांनाच उताणं पाडलं. खाटेवर बसून त्यांनी सुनेचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी पडले म्हणून तुला ही बुद्धी झाली. आता जा. पर नापास हून आलीस तर मला दुसरं हाड मोडून घ्यावं लागंल." तेव्हापासून सुनेच्या शिक्षणाचं सगळं श्रेय त्या स्वतःच्या खुब्याला देतात.

अडचण होती ती गायींची. बाळू पिकअपवर भाजी घेऊन बाजाराला जाणारा गडी, त्याला धार काढायची सवय नव्हती. आणि त्यांची थोरली जर्सी वहिनींशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नव्हती. बाळू बसला की ती पान्हा चोरायची, वर लाथ मारायची. पुढे बायको हॉस्टेलला गेली तर दूध कोण काढणार, हा प्रश्न परीक्षेपेक्षा अवघड होऊन बसला. वहिनींनीच तोड काढली. अंगातला शर्ट उतरवून बाळूला दिला. शर्ट मुळात बाळूचाच, लग्नातला, पण इतक्या वर्षांत त्याला वहिनींचा, गोठ्याचा आणि आंबोणाचा वास चिकटला होता. बाळूने तो घातला, जर्सीने मान वळवून हुंगलं आणि मुकाट पान्हा सोडला. बाळू त्या दिवशी डेअरीवर कॅन घेऊन आला तेव्हा शर्टाची बटणं पोटावर लागत नव्हती. आम्ही त्याला वहिनी म्हणून हाक मारली. तो बिचारा ओ देऊन गेला.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. ओतूरच्या सायबर कॅफेत मी सोबत गेलो. कॅफेवाल्या पोराने विचारलं, बारावीनंतर एवढा गॅप आहे, कारण काय लिहू. प्रतिज्ञापत्रात ते द्यावं लागतं. वहिनी सांगायला लागल्या: लग्न, मग मुलगी, मग सासऱ्यांचं आजारपण, दोनाच्या पाच गायी, कांद्याची लागण, मग सासूबाईंचं हाड. पोरगं टंकत टंकत थांबलं. म्हणालं, ताई, इथं एकच ओळ बसती. मग त्याने 'घरगुती कारण' असं लिहिलं. वहिनींनी ते दोन शब्द पडद्यावर बोट ठेवून वाचले. मग म्हणाल्या, बसवलं बाई पोरानं सगळं. मला त्या वेळी हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

अभ्यासाला वेळ कुठला. दिवसभर कामं, संध्याकाळी डोळे मिटायला लागत. मोकळा वेळ म्हणजे फक्त उसातली वाट, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. तिथे नाहीतरी बोलावंच लागायचं. म्हणून एक दिवस भाऊला घरच्या बातम्या मिळायच्या बंद झाल्या आणि बायोलॉजी सुरू झाली. वहिनींनी वाटेचे तुकडे पाडले होते. घरापासून पाटाच्या मोरीपर्यंत हाडं. डीपीपाशी हृदय. विहिरीच्या वळणाला पचनसंस्था, आंब्याखाली किडनी, आणि डेअरीचा पत्रा दिसला की मेंदू. फिजिक्स परतीच्या वाटेवर व्हायचं, पण त्यात वहिनींना गोडी नव्हती. भाऊला बी न्हाई आवडत, म्हणायच्या.

ऐकून ऐकून गावालाही पाठ झालं. उसाला पाणी धरायला गेलेले गडी बांधावर बसल्या बसल्या 'राइट एट्रियम' म्हणायला लागले. माझ्याकडे दूध घालणारा एक म्हातारा पोट दुखलं की दुखणं विहिरीपाशी आहे असं सांगायचा. आणि एका संध्याकाळी भाऊ खरोखरच आला. आंब्याजवळच्या बांधावर बसला होता, अंगणात कुत्रं बसतं तसा. वहिनींनी पाय थांबवले नाहीत, पळाल्याही नाहीत. आवाज तेवढा चढवला आणि किडनीचा सगळा धडा त्याच्याकडे तोंड करून, मागे मागे सरकत म्हटला. तो उठला, आळोखेपिळोखे दिले आणि उसात शिरला. डेअरीवर पोचल्यावर मात्र त्या मटकन खाली बसल्या, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची नाडी बघितली. मला मोजता येत नाही, पण पळत होती एवढं नक्की.

परीक्षा पुण्यात, कॉम्प्युटरवर. बाळूचा त्या दिवशी बाजार होता म्हणून मी माझी गाडी काढली. वाटभर मागच्या सीटवर बायोलॉजी चालली होती, मंचरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातले लोक वळून बघत होते. केंद्रावर सगळ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी. गेटवरच्या माणसाने वहिनींना पालकांनी बाहेर थांबा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. गाडीत बसल्या. चाकण ओलांडल्यावर सांगायला लागल्या. पहिला प्रश्न वाचला, उत्तर येत होतं, पण ते मोठ्याने म्हटल्याशिवाय पुढे सरकेना. महिनोन्‌महिने तोंडाने घोकलेलं, मनात म्हणायची सवयच नव्हती. नकळत आवाज सुटला. शेजारची पोरगी दचकली. सुपरवायझर बाई आल्या, एकदा सांगून गेल्या. परत आवाज सुटला. या वेळी त्यांनी बजावलं की आणखी एक शब्द ऐकू आला तर बाहेर काढीन.

"तोंड मिटलं आन् सगळं गेलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हृदय न्हाई, मणका न्हाई, काय न्हाई. पडदा नुसता पांढरा. म्हटलं, झालं. आपल्या नशिबात ही खुर्ची फकस्त बसायपुरती व्हती."

मग काय केलं, असं मी विचारलं.

"चपला काढल्या. बाकाखाली पाय हलवाया लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. डोळं मिटलं आन् घरापास्नं निघाले. मोरीपाशी आले तवा हाडं आली. डीपी आला, हृदय आलं. जो प्रश्न येईल तितवर चालत जायाचं, उत्तर उचलायचं, मागं यायचं. पाय दुखाया लागले, पर तोंड उघाडलं न्हाई."

बराच वेळ आधीच वाया गेला होता, त्यामुळे शेवटचे कित्येक प्रश्न राहिले ते राहिलेच. मी समजुतीचं काहीतरी बोललो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एवढ्या बोलक्या बाईला गप्प बसलेलं बघून मला गाडी चालवणं जड गेलं.

पहिली यादी लागली, तिच्यात नाव नव्हतं. त्या संध्याकाळी वहिनी डेअरीवर आल्या त्या मोबाइलवर गाणी लावून. कॅन ठेवला, दूध मोजून घेतलं, निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. गावाला चैन पडेना. पाणी धरणारे गडी मला विचारू लागले की आज हृदय झालं का. यमुनाकाकू काठी टेकत टेकत स्वतः डेअरीपर्यंत आल्या, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरी यादी असती का रं? असली तर तिला नको सांगू. मला सांग." त्या दिवशी मला कळलं की परीक्षा त्या घरात एकट्या सुनेने दिलेली नव्हती.

दुसऱ्या यादीत नाव होतं. पुण्याच्या पलीकडचं कॉलेज, हॉस्टेल, चार वर्षं. कॅफेवाल्या पोराचा फोन मलाच आला, कारण अर्जात माझा नंबर होता. वहिनी त्याच वेळी कॅन ओतत होत्या. मी सांगितलं. त्यांनी कॅन शेवटच्या थेंबापर्यंत ओतला, झाकण लावलं, कडी अडकवली आणि मग कॅनवरच बसल्या. पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत ते कळेना. लायनीतल्या कोणीतरी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत गंभीरपणे मान हलवली. मग मात्र त्या खळखळून हसल्या, आणि आम्ही सगळेच.

आता वहिनी गावात नसतात. सुट्टीला येतात, दोन दिवसांत निघून जातात. मला आठवतात त्या सोडायला गेलो त्या दिवशीच्या. निघताना यमुनाकाकूंनी त्यांची ओटी भरली, लेकीला सासरी पाठवताना भरतात तशी, खण-नारळाची. वहिनी म्हणाल्या, आत्याबाई, मी सासरहून चाललेय. काकू म्हणाल्या, गप, कुठूनबी निघालं तरी ओटी भरायचीच असती. बाळू ट्रंक उचलायच्या निमित्ताने सारखा गाडीच्या मागे जात होता आणि डोळे पुसून येत होता.

हॉस्टेलच्या अंगणात सगळ्या नव्या मुली आणि त्यांचे आईबाप गोळा झालेले. वॉर्डन मॅडम एकेकीचं नाव पुकारून पालक कोण म्हणून विचारत होत्या. वहिनींचं नाव आलं. बाळू पुढे सरकणार तोच आमची चौथीतली ईश्वरी त्याच्या आधी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. ईश्वरीने विचारलं, इथं जेवण कसं असतं, अभ्यासाला लाइट असते का, आणि घरी फोन कधी करता येतो. मॅडमनी तिला सगळ्याची उत्तरं दिली, अगदी मोठ्या माणसाला द्यावीत तशी. मग ईश्वरी आईकडे वळली. नीट अभ्यास कर, मैत्रिणींशी भांडू नको, माझी आठवण आली तर रडायचं नाही, असं तिने बजावलं. वहिनी खाली वाकून ऐकत होत्या. बरं, म्हणाल्या. त्यांनी तिला घट्ट पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

घंटा झाली. मुली रांगेने आत निघाल्या. प्रत्येक मुलगी दारापाशी मागे वळून हात हलवत होती आणि इकडे आया हुंदके देत होत्या. वहिनींच्या पुढे एक बारीकशी पोरगी हमसून हमसून रडत होती. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात टाकला, तिची बॅग आपल्या हातात घेतली आणि तिच्याशी काहीतरी बोलत बोलत तिला आत घेऊन गेल्या. दार आलं, गेलं. त्यांनी मागे वळून बघितलंच नाही.

बाळू तसाच हात वर करून उभा राहिला. मला ईश्वरीची काळजी वाटली, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती, डोळे भरलेले, पण मान ताठ. मग यमुनाकाकू लेकी सासरी गेल्यावर सोडतात तसा एक मोठा सुस्कारा तिने सोडला.

"गेली बाई एकदाची," ईश्वरी म्हणाली, आणि तिने बापाचा वर राहिलेला हात धरून खाली आणला.